ओटीपी दिला होतात का?

११ ऑगस्ट २०१८ हा शनिवार. त्या दिवशी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची बनावट कार्डं २८ देशांतल्या एटीएममध्ये सरकवली गेली आणि यंत्रांनी मुकाट नोटा मोजून दिल्या. परदेशात सुमारे बारा हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये गेले. देशातल्या एटीएममधून, त्यात कोल्हापूरचीही होती, आणखी अडीच कोटी निघाले. सोमवारी बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका बँकेत वळते झाले. सगळे मिळून ९४ कोटी ४२ लाख रुपये. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून आपला एक बनावट स्विच उभा केला होता. ‘या कार्डावर पैसे देऊ का?’ ही एटीएमची विचारणा बँकेपर्यंत पोहोचतच नव्हती. मधला तो स्विचच ‘द्या’ म्हणून मोकळा होत होता.

बँक फसली, आणि तिला फसलेल्याची वागणूक मिळाली. चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, विशेष तपास पथक बसलं, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं उत्तर कोरियाच्या सायबर कारवायांत या चोरीची नोंद केली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना दोषी ठरवलं. हे सगळं रीतसर झालं आणि तसंच व्हायला हवं होतं.

आता याच पुण्यातल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या क्रेडिट कार्डावरून रात्री दोन वाजता साठ-सत्तर हजार रुपये गेले, असं समजा. सकाळी त्या बँकेत जातात. काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो: ‘मॅडम, ओटीपी दिला होतात का?’ पोलीस ठाण्यात तोच प्रश्न, घरी मुलगा तोच विचारतो, शेजारी तोच विचारतात. बाईंचे पैसे गेलेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण आरोपीच्या पिंजऱ्यात त्याच उभ्या असतात.

बँकेला आणि ग्राहकाला असे दोन न्याय का, हा या लेखाचा विषय आहे. कारण कायद्याचं पुस्तक उघडलं तर त्यात नेमकं उलटं लिहिलेलं आहे.

पैसे नक्की कुणाचे गेले?

बचत खात्यातून किंवा डेबिट कार्डावरून चोरी होते तेव्हा आपले साठवलेले पैसे जातात. क्रेडिट कार्डाची गोष्ट वेगळी. तिथे चोरानं उचललेला पैसा बँकेचा असतो. आपल्या नावावर तयार होतं ते कर्ज. पैसे गेल्याचा धक्का एकदाच बसतो. हे कर्ज मात्र दर महिन्याला बिल होऊन दारात येतं.

ते बिल कसं फुगतं हे ज्यानं भोगलंय त्यालाच माहीत. थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. त्यावर उशिराचा दंड, आणि व्याज-दंड दोन्हींवर अठरा टक्के जीएसटी. मग वसुलीवाल्यांचे फोन, आणि शेवटी सिबिलचा आकडा खाली. दोन वर्षांनी घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर कळतं की आपण दप्तरी ‘थकबाकीदार’ आहोत, आणि तेही कधी न घेतलेल्या वस्तूंसाठी.

पुष्कळजण याच भीतीनं रक्कम मुकाट भरून टाकतात. तशी गरज नाही. कार्डधारकानं एखादा व्यवहार फसवणुकीचा म्हणून हरकत घेतली, तर वाद मिटेपर्यंत त्या रकमेवर कोणताही आकार लावता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयीच्या २०२२ च्या निर्देशांत स्पष्ट म्हटलं आहे. बिलाच्या तक्रारीला ३० दिवसांत खुलासा देणं बँकेवर बंधनकारक आहे. आपण खरोखर केलेल्या खरेदीची रक्कम वेळेवर भरायची आणि उरलेल्या रकमेबद्दल ‘ही वादग्रस्त आहे’ असं लेखी कळवून ठेवायचं, हा त्यातला सरळ मार्ग. कॉल सेंटरवरचा आवाज तो आपणहून सांगेलच असं नाही.

चोर कोणत्या दारानं येतो

पूर्वी चोराला कार्ड हाताळावं लागे. हॉटेलात किंवा पेट्रोल पंपावर कार्ड नजरेआड गेलं की काळ्या चुंबकीय पट्टीवरची माहिती हातातल्या छोट्या यंत्रानं उतरवून घेत आणि दुसऱ्या कोऱ्या कार्डावर चढवत. याला स्किमिंग म्हणतात. २०१६ मध्ये देशातल्या सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचं उघड झालं आणि बँकांना घाऊक प्रमाणात कार्डं बदलावी लागली. पुढे चुंबकीय पट्टीची जुनी कार्डं २०१८ अखेरपर्यंत बदलून चिपची कार्डं द्यायला रिझर्व्ह बँकेनं सांगितलं. चिपची नक्कल करणं पट्टीइतकं सोपं नाही, त्यामुळे ते दार बरंचसं बंद झालं.

दुसरं दार परदेशी संकेतस्थळांचं. इंटरनेटवर कार्ड वापरताना दुसरी खूण, म्हणजे पासवर्ड किंवा ओटीपी, मागण्याची सक्ती भारतात ऑगस्ट २००९ पासून आहे. अनेक परदेशी दुकानदारांना ती लागू नसल्यानं कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर तिथे खरेदी होते. रात्री झोपेत डॉलरमधल्या खरेदीचे जे संदेश येतात ते बहुधा या दारातून. तिथे ओटीपी मागितलाच जात नाही, म्हणून ‘ओटीपी दिला होतात का’ या प्रश्नाला तिथे अर्थच उरत नाही. तरीही तो विचारला जातो. वास्तविक अशा वेळी बँकेनं कार्डाच्या जाळ्यामार्फत दुकानदाराकडून रक्कम परत मागवायची असते. चार्जबॅक नावाची ही सोय त्यासाठीच आहे. तिला मुदत असते, म्हणून हरकत लवकर नोंदवणं महत्त्वाचं.

तिसरं दार फोनचं. झारखंडमधल्या जामताऱ्याचं नाव याच दारामुळे देशभर झालं. त्याच जिल्ह्यातल्या करमाटांडला ईश्वरचंद्र विद्यासागर आयुष्याच्या उत्तरार्धात राहिले आणि तिथल्या रेल्वे स्थानकाला त्यांचं नाव आहे. त्या भागाची ओळख मात्र आज बनावट बँक अधिकाऱ्यांची झाली. पुढे हरयाणा-राजस्थानातल्या मेवात पट्ट्यानंही हाच धंदा उचलला. ‘सर, आपके रिवॉर्ड पॉइंट आज रात एक्सपायर हो रहे हैं’ इथून सुरुवात होते. कार्डाचे पहिले काही आकडे तो स्वतःच सांगतो, आणि आपल्याला वाटतं की माणूस बँकेचाच. खरं तर ते आकडे कोणत्या बँकेचं कोणतं कार्ड एवढंच दाखवतात. एका प्रकारच्या सगळ्या कार्डांवर ते सारखेच असतात. मग मर्यादा वाढवून देतो, वार्षिक फी माफ करून देतो, ‘कार्ड ब्लॉक होईल’ म्हणून घाबरवतो. लालूच आणि भीती यांतलं काय चालतं ते तो बोलता बोलता पारखून घेतो.

चौथं दार सगळ्यात नवं आणि सगळ्यात वाईट. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते किंवा वाहतूक पोलिसांचं चलन. उघडायला गेलं की ती एपीके फाइल असते, म्हणजे एक ॲपच. ते मोबाइलमध्ये बसलं आणि एसएमएस वाचायची परवानगी त्याला मिळाली की येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर चोराकडे जातो. इथे माणसानं कुणालाही काही सांगितलेलं नसतं. तरी बँकेचं छापील उत्तर येतं: ‘ओटीपी आपल्या नोंदणीकृत मोबाइलवर पाठवला गेला व अचूक भरला गेला, सबब व्यवहार आपणच केला आहे.’ घराच्या कुलपाला खरी किल्ली लागली म्हणून चोरी मालकानंच केली, असं कुठला हवालदार म्हणेल? अचूक ओटीपीवरून एवढंच सिद्ध होतं की तो कुणाच्या तरी हाती लागला.

वहीतला नियम

६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेनं एक परिपत्रक काढलं. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, हा त्याचा विषय. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसंच परिपत्रक निघालं. प्रत्येक कार्डधारकानं ते एकदा तरी वाचावं, इतकं ते त्याच्या कामाचं आहे.

नियम असा. चूक बँकेची असेल तर ग्राहकानं तक्रार केली असो वा नसो, त्याची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही, यंत्रणेत आणखी कुठे तरी आहे, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की जबाबदारी शून्य. संदेश आला तो दिवस मोजायचा नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर ग्राहकाच्या माथी येणाऱ्या रकमेला मर्यादा आहे: पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त १० हजार रुपये, त्यावरच्या कार्डाला २५ हजार. सात दिवसांनंतर बँकेचं स्वतःचं धोरण लागू होतं. ग्राहकानं स्वतः ओटीपी, पिन वगैरे सांगितलं असेल तर तोटा त्याचा, पण तोही फक्त बँकेला कळवेपर्यंतचा. कळवल्यानंतर जे जाईल ते सगळं बँकेचं.

शिवाय कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादग्रस्त रक्कम बँकेनं तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा असतो. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत या काळातल्या व्याजाचा बोजा ग्राहकावर पडू द्यायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे.

म्हणजे काउंटरवर बाईंना विचारलेला प्रश्न उलट्या दिशेनं जायला हवा. ‘मी व्यवहार केला हे कशावरून?’ असं बाईंनी विचारायचं आणि उत्तर बँकेनं द्यायचं. कोणत्या उपकरणावरून व्यवहार झाला, कोणत्या आयपी पत्त्यावरून, वस्तू कोणत्या पत्त्यावर पोहोचली, एरवी महिन्याला पाच हजार खर्च करणाऱ्या कार्डावर दहा मिनिटांत सहा मोठे व्यवहार झाले तेव्हा यंत्रणेनं शंका का घेतली नाही, ही माहिती बँकेकडे असते, ग्राहकाकडे नसते. पुराव्याचा भार बँकेवर टाकण्यामागचं व्यवहारी कारण हेच आहे.

न्यायालयं काय म्हणाली

हा नियम कागदावरच राहिला असता. पण काही चिवट माणसांनी तो न्यायालयात नेऊन तपासून घेतला.

एका कंपनीच्या खात्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये परस्पर नवे लाभार्थी जोडले गेले आणि ७६ लाख ९० हजार रुपये निघून गेले. लाभार्थी जोडताना ओटीपी आलाच नव्हता. बँक ऑफ बडोदानं हात झटकले, बँकिंग लोकपालानंही तक्रार फेटाळली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि जून २०२४ मध्ये न्यायालयानं २०१७ च्या परिपत्रकावर बोट ठेवून रक्कम व्याजासह परत करण्याचा आदेश दिला.

दुसरं प्रकरण आसामचं, रक्कम ९४,२०४ रुपये. ग्राहकानं ऑनलाइन घेतलेला कपडा परत करायचा होता. दुकानाचा प्रतिनिधी म्हणून चोराचा फोन आला, त्याच्या सांगण्यावरून ग्राहकानं ॲप घेतलं आणि पैसे गेले. त्यानं २४ तासांच्या आत स्टेट बँकेला कळवलं होतं. ओटीपी आणि एम-पिन त्यानंच दिले, असं बँकेचं म्हणणं. गुवाहाटी उच्च न्यायालयानं ते मान्य केलं नाही आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बँकेचं अपील फेटाळलं. बँकेकडे आज उत्तमातलं उत्तम तंत्रज्ञान आहे, तिला जबाबदारी झटकता येणार नाही, असं सांगताना ग्राहकांनीही सावध राहावं, ओटीपी कुणाला देऊ नये, असंही न्यायालयानं बजावलं.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो २०१३ चा पुण्यातल्या प्रकरणाचा आदेश. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात. तेव्हा या पदावर राजेश अग्रवाल होते. पुण्याच्या एका उद्योगाच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाखांहून अधिक रुपये गेले होते आणि तक्रारदारानं बनावट ई-मेलला उत्तर दिलं होतं, हे खुद्द आदेशातही आलं. तरीही बँकेला ४५ लाख रुपये द्यायला सांगितलं गेलं. चूक ग्राहकाचीही आहे, म्हणून तोट्याचा काही भाग त्यानं सोसावा. पण ज्या खात्यांत हे पैसे गेले ती नीट ओळख न तपासता उघडली गेली होती, त्याची किंमत बँकेनं मोजावी, असा त्याचा आशय. ग्राहक चुकला तरी बँकेचं कर्तव्य संपत नाही, ही साधी गोष्ट त्या आदेशानं ठणकावून मांडली.

दुसऱ्या टोकाचं खातं

चोरीचा पैसा हवेत विरत नाही. तो कुठल्या तरी खात्यातच जातो, आणि ते खातं कुठल्या तरी बँकेनंच उघडून दिलेलं असतं. या खात्यांना ‘म्यूल’ खाती म्हणतात. चार-पाच हजार रुपयांसाठी कॉलेजातला मुलगा किंवा नाक्यावरचा मजूर आपलं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली करतो. एका खात्यातून पाच, पाचांतून पंचवीस असे पैसे फुटत जातात आणि शेवटी एटीएममधून रोख किंवा आभासी चलन होऊन बाहेर पडतात. कॉसमॉसच्या प्रकरणातही शिक्षा झाली ती मुख्यतः एटीएमपाशी उभं राहून पैसे काढणाऱ्या हातांना.

सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या हेल्पलाइनचा सगळा भर ही साखळी मध्येच तोडण्यावर आहे. आपण तक्रार नोंदवली की व्यवहाराचा तपशील लगेच संबंधित बँकेकडे जातो, पैसे पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेकडे, आणि जिथे रक्कम सापडेल तिथे ती रोखून धरली जाते. म्हणून पहिला तास लाखमोलाचा. रोखलेली रक्कम पुढे परत मिळू शकते. त्यासाठी तक्रारीचा क्रमांक, बँकेचं पत्र, खात्याचा उतारा असा कागद न् कागद जपावा लागतो.

गुन्ह्याच्या आकारापुढे ही धावपळ अपुरी पडते आहे. सरकारनं संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार सायबर फसवणुकीत देशभरातल्या नागरिकांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले. २०२४ मध्ये हाच आकडा २२,८४५ कोटींवर गेला, एका वर्षात तिपटीहून अधिक. एवढ्या मोठ्या संख्येनं माणसं फसतात तेव्हा त्याला व्यक्तीचा भोळेपणा म्हणून चालणार नाही. तो व्यवस्थेतला दोष असतो आणि तो व्यवस्थेनंच निस्तरायचा असतो.

रिझर्व्ह बँकेला हे उमगल्याची चिन्हं आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना आपल्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्याजागी टोकन वापरावं लागतं. म्यूल खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं संगणकप्रणाली तयार केली. बँकांना आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायला लावलं. सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत तर असं म्हटलं आहे की, ओळख पटवण्याचे नियम न पाळल्यामुळे ग्राहकाचं नुकसान झालं, तर कार्ड देणाऱ्या संस्थेनं ते पूर्णपणे भरून द्यावं. हे निर्देश १ एप्रिल २०२६ पासून लागू होतात.

मात्र नियम बदलले तरी काउंटरवरची भाषा बदलायला वेळ लागतो. तोवर ग्राहकालाच आपला हक्क लेखी मागावा लागेल. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं. ही तक्रार विनामूल्य आहे, वकील लागत नाही, आणि २०२१ च्या एकात्मिक योजनेनं लोकपालाला २० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार दिला. पोलीस ठाण्यात ‘ही आमची हद्द नाही’ असं ऐकायला मिळालं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या कलम १७३ चं नाव घ्यावं. हद्द कुठलीही असली तरी खबर नोंदवून घेणं त्यात आलं आहे.

घरातली उलटतपासणी

बँकेशी आणि पोलिसांशी भांडता येतं. घरच्यांशी भांडणं अवघड. फसलेली कितीतरी माणसं तक्रार करत नाहीत ती पैशांवर पाणी सोडलं म्हणून नव्हे, तर घरी कळेल म्हणून. मुलगा म्हणेल, ‘बाबा, तुम्हाला शंभरदा सांगितलं होतं.’ सून काही बोलणार नाही, पण दुसऱ्या दिवशी कार्ड कपाटात जाईल. नवऱ्याला कळू नये म्हणून दागिना गहाण ठेवून बिल भरणारी बाई आणि वडिलांना सांगायची हिंमत नाही म्हणून मित्रांकडून उसने घेणारा तरुण, दोघांचंही दुखणं एकच. या संकोचावर चोराचा धंदा चालतो. पहिल्या फसवणुकीची वाच्यता झाली नाही की आठवड्यानं दुसरा फोन येतो, ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा.’

खरं सांगायचं तर यात बुद्धीचा प्रश्न फारसा नसतो. घाई, थकवा, भीती आणि अधिकाराच्या आवाजापुढे नमण्याची सवय यांवर चोराची भिस्त असते, आणि यांतून प्राध्यापक सुटत नाही, डॉक्टर सुटत नाही, बँकेतून निवृत्त झालेला अधिकारीही सुटत नाही.

म्हणून चार कामं याच आठवड्यात उरकून टाका. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशी वापर बंद करा. २०२० पासून ही कळ आपल्या हातात आहे. ऑनलाइन खर्चाची मर्यादा गरजेपुरती ठेवा. घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये १९३० आणि कार्ड ब्लॉक करायचा आपल्या बँकेचा क्रमांक साठवा; तो कार्डाच्या मागे छापलेला असतो, गूगलवर शोधू नका, तिथेही चोरांनी आपले क्रमांक पेरून ठेवले आहेत. आणि आई-वडिलांशी आजच बोलून ठेवा, की काही झालंच तर रागावणार नाही, आधी मला फोन करा.

एवढं करूनही उद्या घरातलं कुणी फसलं, तर ‘ओटीपी दिलास का?’ असं विचारू नका. ‘संदेश कधी आला?’ एवढंच विचारा, १९३० फिरवा आणि बँकेला लेखी कळवा. बाकीची विचारपूस नंतरही होऊ शकते. नियमातले तीन दिवस मात्र मोजले जाऊ लागलेले असतात.